काळ्या रानाला ढाळ देताना

ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीचे पाणी हसनाळ, रावणगाव या गावांत शिरले. सप्टेंबरात मांजरा, तेरणा आणि गोदावरी पात्राबाहेर आल्या. पाणी ओसरल्यावर नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यांपुढे पिकाच्या नुकसानीपलीकडचे एक काम उभे राहिले. कित्येक रानांतली वरची माती खरडून गेली होती, कुठे ओघळी पडल्या होत्या, तर कुठे गाळ आणि वाळूचे थर बसले होते. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने जी मदत जाहीर केली, तिच्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रुपये रोख आणि मनरेगातून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची कामे, अशी वेगळी तरतूद होती. जमीन पुन्हा उभी करणे हा स्वतंत्र खर्च आहे, हे त्यामुळे निदान कागदावर आले.

नदीकाठच्या पुरुषभर खोल ओघळी बुजवायला जेसीबी आणि टिप्परच लागतात. त्यात वाद नाही. पण या दोन जिल्ह्यांतले बहुतेक नुकसान त्या जातीचे नसते. रानाच्या मधोमध बशीसारखा खोलगट भाग असतो आणि तिथे दरवर्षी सोयाबीन पिवळे पडते. धुऱ्याच्या कडेला नांगराने वर्षानुवर्षे माती एका अंगाला टाकून उंच पट्टा झालेला असतो, पाणी अडवून ठेवणारा. सरी मध्येच उलटी चढते. चार-सहा इंचांचे हे दोष महापुराच्या वर्षी दिसत नाहीत आणि साध्या वर्षी पीक खाऊन जातात. ते काढायला मोठे यंत्र बोलावणे परवडत नाही आणि बहुतेकदा त्याने रान बिघडते. हे काम 15 ते 28 अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरमागे लावलेल्या पात्याचे आहे. असे ट्रॅक्टर आता गावोगाव आहेत. महिंद्राचा युवराज, स्वराजचा 717, व्हीएसटी शक्ती, कुबोटाचा निओस्टार ही नावे शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातली. 2015-16 च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर आहे. तेवढ्या रानात मोठा ट्रॅक्टर वळवण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणून छोटा ट्रॅक्टर फवारणीला, कोळपणीला, हळदीच्या नि उसाच्या सरीत घेतला गेला. माती सारखी करण्याचे काम मात्र त्याच्याकडून फार कमी घेतले जाते, आणि घेतले तर बऱ्याचदा चुकीच्या दिवशी, चुकीच्या रीतीने.

आधी मातीविषयी बोलायला हवे, कारण पाते कसे चालवायचे ते ठरवते मातीच. गोदावरी, मांजरा, मन्याड यांच्या खोऱ्यांतली भारी काळी जमीन पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पाडते. ती भिजल्यावर पाणी आत मुरण्याचा वेग इतका कमी होतो की जोराच्या पावसाचे पाणी वरच उभे राहते किंवा वाहून जाते. लातूरला पावसाळ्यात साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, नांदेडला 800 च्या वर, किनवट-माहूरच्या डोंगराकडे त्याहून जास्त. आकडा वाईट नाही. पण हा पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मग तीन-तीन आठवडे दडी मारतो. त्यामुळे एकाच हंगामात, एकाच रानात सोयाबीन आधी चिबडते आणि नंतर सुकते.

अशा जमिनीला पाटासारखे सपाट करणे हा उपाय नव्हे. हे जुन्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे. मृदसंधारणाच्या सुरुवातीच्या कामांत समपातळी बांध सगळीकडे घातले गेले. हलक्या, मुरमाड जमिनीत ते टिकले. भारी काळ्या जमिनीत बांधाच्या आत पाणी दिवसेंदिवस साचले, पिके कुजली. उन्हाळ्यात बांधांनाच भेगा पडल्या आणि पहिल्या मोठ्या पावसात ते फुटले. शेतकऱ्यांनीही रात्रीतून ते फोडले, आणि त्यांचे काही चुकले नाही. पुढे अशा जमिनीसाठी ढाळीचे बांध आले, म्हणजे पाणी न अडवता हळू चालवत सुरक्षित जागी नेणारे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट संस्थेने 1976 पासून काळ्या जमिनीवर जो दीर्घ प्रयोग चालवला, त्यातून रुंद वरंबा सरीची (बीबीएफ) पद्धत पक्की झाली. सुमारे दीड मीटरचा पट्टा, त्यात मीटरभर रुंद वरंबा आणि उरलेल्यात सरी. सरीला शेकडा 0.4 ते 0.6 च्या आसपास ढाळ आणि शेवटी गवताने बांधलेला चर. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीनसाठी हीच पद्धत सांगते, आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून बीबीएफ यंत्रे गावागावांत गेली.

शेकडा 0.4 म्हणजे 100 फुटांत सुमारे 5 इंच. शेकडा 0.6 म्हणजे 7 इंच. डोळ्याला हा ढाळ दिसतही नाही. त्यात मध्येच 3 इंचांचा खळगा असला तर सरीतले पाणी तिथे थांबते, वरंबा खालून भिजत राहतो, आणि बीबीएफवर केलेला खर्च त्या 20 फुटांत वाया जातो. विद्यापीठाच्या शिफारशीत आणि शेतकऱ्याच्या अनुभवात जो फरक पडतो, त्याचे एक मोठे कारण माझ्या मते हेच आहे. यंत्र वरंबे पाडून देते, पण जमिनीचा ढाळ ते बनवू शकत नाही. जमीन जशी आहे तसाच वरंबा उठतो. पेरणीआधी पात्याने ढाळ दुरुस्त करणे हा बीबीएफचा पहिला भाग मानायला हवा. सध्या तो कोणाच्याच अंदाजपत्रकात नाही.

हे काम पूर्वी होत नव्हते असे नाही. केणी आणि मैंद ही दोन अवजारे त्यासाठीच होती. केणीने उंचवट्याची माती ओढून खोलगटात नेत, मैंदाने ढेकळे फोडून रान सारखे करत. लाल कंधारी आणि देवणी या बैलांच्या दोन नामांकित जाती याच दोन जिल्ह्यांतल्या तालुक्यांची नावे सांगतात, आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडून हे काम दरवर्षी थोडे थोडे घेतले जाई. बैल कमी झाले, नांगरट भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने होऊ लागली, आणि दरवर्षीची ही किरकोळ दुरुस्ती मध्येच सुटली. भाड्याचा ट्रॅक्टरवाला तासावर पैसे घेतो, तो खळग्याकडे बघायला थांबत नाही. घरचा छोटा ट्रॅक्टर आल्यावर ही दुरुस्ती परत सुरू करता येते.

ट्रॅक्टर छोटा आहे म्हणून कमीपणा मानायचेही कारण नाही. मागच्या तीन सांध्यांनी अवजार उचलण्याची आणि दाबून धरण्याची जी रचना आज जगभर आहे, ती हॅरी फर्ग्युसनने बसवली आणि 1939 च्या फोर्ड 9एन या ट्रॅक्टरमधून ती घराघरांत पोहोचली. तो ट्रॅक्टर वीस-बावीस अश्वशक्तीचाच होता. फरक वजनाचा आहे. आपला 15 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जेमतेम 800 किलोचा असतो, आणि पाते किती ओढले जाईल ते इंजिनावर कमी, टायर जमिनीला किती धरतात यावर जास्त अवलंबून असते.

अवजारांत पहिले आणि सर्वांत उपयोगी म्हणजे मागचे साधे पाते. बाजारात त्याला लेव्हलर किंवा टेरेसर ब्लेड म्हणतात. ते आडवे फिरवून तिरके करता येते, पूर्ण उलटे करता येते, आणि चांगल्या बनावटीत एक टोक खाली झुकवताही येते. 15-20 अश्वशक्तीला 4 फूट, 24-28 ला 5 फूट रुंदी पुरते. पाते मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा रुंद हवे, नाहीतर चाकांचे वळ मागे राहतात. तिरके केले की रुंदी घटते, हे घेताना लक्षात राहत नाही. 5 फुटांचे पाते 30 अंशांत वळवले तर ते सव्वाचार-साडेचार फूटच झाकते.

दुसरे पेटीचे पाते, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्रे लावून माती धरून ठेवणारे, पुढे दातांची रांग असलेले. अमेरिकेत छोट्या ट्रॅक्टरवाल्यांचे हे आवडते अवजार, पण तिथे ते घराकडे जाणाऱ्या खडीच्या वाटा सारख्या करायला वापरतात. आपल्याकडे मुरमाड बरडावर, पाणंदीवर, खळ्याच्या जागेवर ते उत्तम चालते. भारी काळ्या मातीत मात्र ओल जरा जास्त असली की पेटी गच्च भरते आणि माती आतून सुटत नाही. ज्याचे रान सगळे काळे आहे त्याने आधी साधे पातेच घ्यावे.

पुढे लावायच्या डोझरचा आग्रह काही विक्रेते धरतात. 800 किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर तो भार टाकणे मला पटत नाही. बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे लवकर जातात. आणि लेझर लेव्हलर? पश्चिम उत्तर प्रदेश-पंजाबच्या भात-गव्हाच्या पट्ट्यात त्याने पाणी वाचवले आहे, हे खरे. त्याला 50 अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर लागतो, तो भाड्यानेच आणावा लागेल. विष्णुपुरीच्या किंवा इसापूर धरणाच्या कालव्याखालच्या, मोकाट पाणी देणाऱ्या ओलिताच्या रानात त्याचा विचार जरूर करावा, आणि करताना यंत्रावर शून्य न लावता ढाळ लावून घ्यावा. कोरडवाहू सोयाबीन-तुरीसाठी तो खर्च मला समर्थनीय वाटत नाही.

आता काम. सुरुवात ट्रॅक्टरवर बसून करायची नसते. जोराचा पाऊस पडत असताना किंवा थांबल्यावर लगेच रानात जाऊन पाणी कुठे उभे राहते, कुठून निघते ते बघायचे आणि तिथे खुंट्या ठोकून ठेवायच्या. पावसाइतका चांगला सर्वेक्षक दुसरा नाही. ते जमले नाही तर पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन माणसांनी दोन टोके काठ्यांना धरून 50-50 फुटांवर पातळी घेता येते. खर्च नळीचा तेवढा.

मग दिवस निवडायचा, आणि काळ्या रानात सगळे यश किंवा अपयश इथेच ठरते. मे महिन्यातल्या कोरड्या, न नांगरलेल्या रानात पाते घसरत जाते, काहीच कापत नाही. मृगाचा पाऊस झाल्यावर दोन दिवसांत गेले तर माती पात्याला लोण्यासारखी चिकटते, चाकांखाली दाबली जाते आणि तो पट्टा पुढची दोन वर्षे कडक राहतो. काम करायचे ते वापशावर. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला तर फुटावा, हातालाही लागू नये. असे दिवस दोनदा मिळतात. सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरात ओल उतरत असताना, आणि उन्हाळी नांगरट होऊन एखाद्या वळवाच्या पावसाने ढेकळे फुटल्यावर. हरभरा घ्यायचा असेल तर ऑक्टोबरची खिडकी फार अरुंद असते. जे रान रब्बीत पडीक राहणार आहे तेच तेव्हा हातात घ्यावे. नांगरटीनंतर मोगड्याची एक पाळी देऊन माती सुटी केल्याशिवाय पाते लावू नये. रोटाव्हेटरने पीठ करून मग पाते फिरवण्याची सवय लागली आहे, तिने काम सोपे होते, पण पहिल्याच पावसात वर पापडी धरते.

किती माती हलवायची याचा हिशेब एकदा कागदावर करून बघावा. एका एकरावर एक इंच माती म्हणजे 3,630 घनफूट, म्हणजेच 36 ब्रास. अर्ध्या एकरावरचा इंचभर थर काढून उरलेल्या अर्ध्यावर पसरायचा म्हटले तरी 18 ब्रास झाली. 4 फुटी पात्यापुढे एका वेळी तीनेक घनफूट सुटी माती मावते. म्हणजे सहाशेच्या आसपास खेपा. छोट्या ट्रॅक्टरने सबंध रान एका उन्हाळ्यात सारखे करण्याचा हट्ट इथेच गळून पडतो, आणि त्याचे वाईट वाटायला नको. ज्या जागी पाणी अडते ती एक-दोन गुंठ्यांची जागा या वर्षी, पुढची पुढच्या वर्षी. त्यात मातीचे भलेही आहे. एकदम फूटभर कापले की खालची चुनखडीयुक्त, सेंद्रिय अंश नसलेली माती उघडी पडते, आणि त्या पट्ट्यात पुढची काही वर्षे सोयाबीनची पाने पिवळी राहतात, कारण तिथे पिकाला लोह आणि जस्त मिळत नाही. मोठ्या यंत्राने दोन दिवसांत आरशासारखे केलेले रान पेरल्यावर ठिगळांचे दिसते, त्याचे कारण हेच. खोल कापणे अटळच असेल, तर वरची सहा इंच माती आधी बाजूला ओढून ठेवावी, खालची कापून घ्यावी आणि वरची परत पसरावी. कापलेल्या जागी शेणखत दुप्पट घालावे.

छोट्या ट्रॅक्टरने काम करताना सर्वांत जास्त तक्रार येते ती लाटांची. रान सारखे करायला जावे आणि मागे एक फूट वर, एक फूट खाली अशा लाटा उठाव्यात. यात चालवणाऱ्याचा दोष थोडा असतो. ट्रॅक्टर आखूड असतो, पाते मागच्या आसाच्या मागे असते. पुढचे चाक ढेकळावर चढले की मागे पाते जमिनीत रुतते, पुढचे चाक खळग्यात उतरले की पाते वर उचलले जाते. मग त्या उंचवट्यावरून पुढच्या फेरीला चाक जाते आणि लाट आणखी वाढते. उपाय साधे आहेत, पण सगळे मिळून करावे लागतात. पहिला गिअर, एका फेरीत अर्धा-पाऊण इंचापेक्षा जास्त न कापणे, पाते थोडे तिरके ठेवणे, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला तिरपी घेणे. हायड्रॉलिकचा लिव्हर पोझिशनवर ठेवायचा. नांगराचा ड्राफ्ट इथे लावला की ओढ वाढताच अवजार आपोआप वर येते आणि लाट तयार होते. शेवटचा हात पात्याने न देता सहा-आठ फुटांचा लोखंडी गर्डर किंवा जुन्या पद्धतीचा मैंद ओढून द्यावा. तो लांबट असल्याने लाटांच्या माथ्यांवर टेकत जातो. ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी, आसाच्या वर कधीही नाही. वर बांधली तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो.

टॉप लिंकची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण ती कोणी सांगत नाही. साध्या पात्यात टॉप लिंक लांब केली की पाते मागे झुकते, धार पुढे येते आणि जास्त खोल चावते. आखूड केली की धार मागे जाते आणि पाते नुसते खरवडत, पसरवत चालते. पेटीच्या पात्यात याच्या बरोबर उलट होते. तिथे आखूड केल्यावर दात आणि पुढची धार खाली दबून खोदतात, लांब केल्यावर मागची धार टेकून सारवल्यासारखे करते. दोन्ही अवजारे ज्याच्याकडे आहेत त्याने हे पत्र्यावर रंगाने लिहूनच ठेवावे. उजव्या लिफ्ट आर्मची मूठ फिरवून एक बाजू खाली घेता येते, चर काढायला आणि पाणंदीला दोन्हीकडे उतार द्यायला तीच लागते. काम झाल्यावर ती परत समपातळीला आणायची, नाहीतर पुढच्या वेळी सगळे रान एका अंगाला कलते.

पात्याची दोन कामे अशी आहेत ज्यांत छोटा ट्रॅक्टर मोठ्याहून सरस ठरतो. एक गाळ पसरणे. 2017 पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तलावांचा गाळ रानात येऊन पडतो, पण ढीग नीट पसरत नाहीत. ढीग पडलेल्या जागी वाळल्यावर गाळाचा कडक गोळा होतो. पाते उलटे करून, म्हणजे फुगीर बाजू पुढे ठेवून ढकलत गेले तर तो दोन-तीन इंचांच्या थरात पसरतो आणि खालची माती कापली जात नाही. दुसरे पाणंद. 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, औसा तालुक्यात शेत तिथे रस्त्याचे अभियान चालले, आणि मुरूम पडून वाटा झाल्या. पण त्या टिकवण्याचे काम कोणाचे? चाकोऱ्यांमध्ये पाणी साचते, मुरूम काळ्या मातीत रुतून जातो, आणि तिसऱ्या वर्षी ट्रॉली फसते. पाऊस उघडल्यावर वाट आंबूस ओली असताना कडेचा मुरूम मध्ये ओढून माथा उंच ठेवण्याच्या वर्षाकाठी दोन फेऱ्या दिल्या, तर तीच वाट कितीतरी जास्त वर्षे चालते. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी डिझेल वाटून घ्यावे, एवढाच खर्च.

पात्याची देखभाल करायची असते, हेच अनेकांना पटत नाही. इंजिन नाही, गिअर नाही, लोखंडाचा पत्रा तर आहे. पण पात्यावर सगळा धक्का एका ठिकाणी येतो, आणि ढिलाई सुरू होते ती पिनांपासून. छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या दोन पिना 22 मिलिमीटरच्या असतात, टॉप लिंकची 19 ची. मोठ्या ट्रॅक्टरच्या त्या 28 आणि 25 च्या. तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये बनवलेली पुष्कळ पाती मोठ्या छिद्रांची असतात आणि छोट्या ट्रॅक्टरला ती बुश न टाकताच लावली जातात. छिद्रात 6 मिलिमीटरची ढिलाई म्हणजे पात्याच्या टोकाला बोटभर हेलकावा. मग कितीही जपून चालवा, रान सारखे होत नाही, आणि छिद्र लंबगोल होत जाते. बुश टाकून घेणे हे पहिल्या दिवसाचे काम. पिनेच्या जागी बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालून चालवणे आजच थांबवावे.

पात्याच्या खाली बोल्टने बसवलेली धारेची पट्टी असते. ती वेगळ्या, कडक पोलादाची असते आणि बहुतेकदा दोन्ही कडांनी वापरता येते. एक कड झिजली की उलटून लावायची. काळ्या मातीत ती बरीच वर्षे जाते, मुरमात आणि खडकाळ बरडावर लवकर झिजते, तीही टोकांना आधी. पट्टी बोल्टच्या डोक्यांपर्यंत झिजू दिली तर मूळ पत्रा घासला जातो आणि तो बदलणे म्हणजे नवे पाते घेणे. वर्कशॉपवाल्याने पट्टीच नसलेले, सरळ पत्रा वळवून केलेले पाते स्वस्तात देऊ केले तर घेऊ नये. बोल्ट पहिल्या दोन तासांच्या कामानंतर एकदा आवळायचे, नंतर दर आठवड्याला. पाते फिरते त्या मधल्या जाड खुंट्याला निप्पल असेल तर दर दिवशी ग्रीस, नसेल तर बसवून घ्यावे. टॉप लिंकचे आटे धुळीने भरून जाम होतात आणि मग माणूस हातोडीने ठोकून लांबी बदलतो. हंगामाच्या सुरुवातीला ती पूर्ण उघडून, डिझेलने धुऊन, ग्रीस लावून बसवली की हातानेच फिरते. वरच्या त्रिकोणी चौकटीचे जोड आणि खुंट्याभोवतीचे वेल्डिंग दर महिन्याला ब्रशने साफ करून बघावे. भेग आधी केसासारखी दिसते. वेल्डिंग करायचे तर पाते ट्रॅक्टरपासून सोडूनच. जोडलेले असताना केल्यास वीज बॅटरी आणि बेअरिंगमधून जाऊ शकते.

ट्रॅक्टरच्या बाजूने हायड्रॉलिकवर लक्ष ठेवावे. पाते उचलून इंजिन बंद करावे आणि थोडा वेळ थांबून बघावे. लगेच खाली येत असेल तर सील किंवा व्हॉल्व्हकडे बघायची वेळ झाली. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. ते दुधाळ दिसले की पाणी शिरले असे समजायचे, आणि बदलायला पुढच्या सर्व्हिसची वाट बघायची नाही. बाजूच्या साखळ्या पात्याच्या कामाला घट्ट हव्यात, नांगरासारख्या सैल नकोत. जड पाते उचलल्यावर पुढची चाके हलकी वाटत असतील तर पुढे वजने लावावीत. रोजचे काम संपले की ओली माती खरवडून काढायची. काळी माती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाते. पावसाळ्यात पाते विटांवर किंवा लाकडावर टेकवून, धारेला जुने तेल फासून ठेवावे. पाते हवेत उचलून ठेवून ट्रॅक्टर कधीही उभा करू नये, आणि त्याच्याखाली हात घालून बोल्ट तर मुळीच आवळू नये.

4 एप्रिल 2025 ला नांदेडजवळच्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि हळदीच्या कामाला निघालेल्या 7 महिला मजूर गेल्या. त्या ट्रॅक्टरला पाते नव्हते, ट्रॉली होती. पण पात्याचे काम करणारा माणूस तर मागे बघत, धुऱ्याला नि विहिरीच्या कडेला खेटून, पुन्हा पुन्हा मागे-पुढे होत असतो. आपल्या रानांतल्या कित्येक विहिरींना कठडा नाही आणि काठाची काळी माती पावसाने आतून पोकळ झालेली असते. विहिरीच्या खोलीइतके अंतर सोडून खुंट्या आणि दोरी बांधल्याशिवाय तिथे पाते नेऊ नये. तेवढा पट्टा फावड्याने करावा. घरातली पोरे पात्यावर वजन म्हणून उभी राहतात, हे दृश्य मी अनेक गावांत पाहिले आहे. वजन हवे तर सिमेंटची पोती बांधावीत.

पाते विकत घ्यायचे तर अनुदानाचे गणित अडते. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महाडीबीटीवरून अल्प-अत्यल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना अवजारांवर 50 टक्के, इतरांना 40 टक्के मर्यादेत मदत मिळते. पण ती मिळते तपासणी अहवाल असलेल्या अवजारांवर. उदगीर, अहमदपूर, देगलूरच्या वर्कशॉपमध्ये आपल्या मातीला आणि आपल्या ट्रॅक्टरला बघून बनवलेले पाते त्यात बसत नाही. तपासणी हवीच, ढिसाळ वेल्डिंगचे पाते माणूस मारू शकते. मग या वर्कशॉपवाल्यांना पिनांची मापे, पट्टीचे पोलाद, चौकटीची जाडी यांचा एक नमुना विद्यापीठाने काढून द्यावा आणि जिल्ह्यातच तपासून शिक्का द्यावा. सगरोळी, पोखर्णी आणि लातूरची कृषी विज्ञान केंद्रे हे करू शकतात. औजार बँकांनीही रोटाव्हेटरच्या रांगेत एक 4 फुटी आणि एक 5 फुटी पाते ठेवावे. वर्षातून चार दिवस लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत घेण्यात अर्थ नाही.

शेवटची अडचण यंत्राच्या हातात नाही. ढाळ दिला, सरी सरळ उतरली, पाणी धुऱ्यापर्यंत आले. पुढे कुठे? खालच्या रानवाल्याने धुरा उंच केलेला असतो, आणि त्याचेही चुकत नाही, कारण वरच्यांचे सगळे पाणी एका जागी त्याच्यावर पडते. पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला केलेला अडथळा काढण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय कायदा, 1906 ने तहसीलदाराला दिलेला आहे. त्या वाटेने गेलेली भांडणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतात. शिवेला लागून जुना ओढा किंवा नाळ असतेच, बहुतेकदा ती नांगरून बुजवलेली असते. वरपासून खालपर्यंतच्या पाच-सहा रानवाल्यांनी सोयाबीन निघाल्यावर एकत्र उतरून पातळीची नळी धरावी, नाळेची जुनी वाट मोकळी करावी, तिच्या दोन्ही काठांना मारवेल किंवा पवना गवत लावावे, आणि मग ज्याच्या त्याच्या रानाचा ढाळ त्या नाळेकडे वळवावा. सुरुवात सगळ्यांत खालच्या रानापासून करायची. वरून केली तर पहिल्या पावसात खालचा माणूस बुडतो आणि दुसऱ्या वर्षी कोणीच एकत्र येत नाही.